शिखंडीची गोष्ट कोणी सांगावी?

कथा-कादंबरीतील माणसाने गाव बदलले, जात लपविली, धर्म सोडला किंवा श्रीमंतीतून दारिद्र्यात प्रवास केला, तर मराठी वाचक त्याच्याबरोबर निमूटपणे चालू लागतो. परंतु एखाद्या लेखकाने आपल्या नायकाला याच जन्मी अथवा पुढील जन्मी स्त्री केले, किंवा नायिकेला पुरुष केले, की याच वाचकाच्या ओठांवर हसू उमटते. लिंगबदलाची कथा म्हणजे एक तर फार्स, नाहीतर चमत्कार, आणि यांपैकी काहीच नसेल तर पाश्चात्त्यांकडून उसने आणलेले थेर, असा सर्वसाधारण समज आहे. समज रूढ आहे म्हणून तो खरा ठरत नाही. हसण्यापूर्वी ज्या मातीत आपण उभे आहोत ती मातीच एकदा उकरून पाहणे श्रेयस्कर ठरेल.

असे समजावे की, सोलापूरच्या भवानी पेठेत राहणाऱ्या एखाद्या तरुणाने अशी कादंबरी लिहावयास घेतली आहे. तिच्यात एका जिवाचे दोन जन्म आहेत, देहाचे स्थित्यंतर आहे आणि त्या स्थित्यंतराकडे पाहणारे शेजारीपाजारी आहेत. या तरुणाला सामग्रीसाठी लंडनला किंवा न्यूयॉर्कला जाण्याची आवश्यकता नाही. चादरीच्या व टॉवेलच्या मागांचा खडखडाट, त्यात मिसळणाऱ्या मराठी, तेलुगू, कानडी व उर्दू या चार भाषा, तुळजापूरच्या वाटेवरील रूपाभवानीचे देऊळ आणि कोजागरीच्या सुमारास तुळजापूरकडे पायी निघणारे हजारो भाविक, हे सारे त्याच्या दाराशी आहे. अडचण सामग्रीची नाही. अडचण आहे ती या सामग्रीकडे पाहण्याच्या दृष्टीची.

भीष्माच्या तोंडची कथा

पुनर्जन्म, लिंगबदल आणि पूर्वग्रह हे तिन्ही धागे एकत्र विणणारी भारतीय साहित्यातील सर्वांत थोर कथा महाभारताच्या उद्योगपर्वात आहे. काशिराजाची थोरली कन्या अंबा हिला भीष्म स्वयंवरातून पळवून आणतो. तिचे मन शाल्वावर आहे हे कळल्यावर तिला सोडून देतो. शाल्व तिला स्वीकारीत नाही आणि भीष्म आपल्या प्रतिज्ञेकडे बोट दाखवितो. परशुरामाने केलेले युद्धही निष्फळ ठरते. अखेर अंबा तप करते आणि शंकर तिला वर देतो की, पुढील जन्मी ती पुरुषत्व पावून भीष्माच्या मृत्यूला कारण होईल आणि या जन्मातील सारे तिच्या स्मरणात राहील. अंबा अग्निप्रवेश करते व द्रुपदाच्या घरी शिखंडिनी म्हणून जन्मास येते.

पुढचा भाग तर आजच्या कादंबरीकाराने वारंवार वाचावा असा आहे. मुलगी मुलगा म्हणून वाढविली जाते. दशार्ण देशाचा राजा हिरण्यवर्मा याच्या कन्येशी तिचे लग्न होते. गुपित फुटते. अपमानित सासरा सैन्य घेऊन चाल करून येतो. आपल्यामुळे आईबाप संकटात सापडले या जाणिवेने शिखंडिनी प्राण देण्यासाठी अरण्यात जाते. तेथे स्थूणाकर्ण नावाचा यक्ष काही काळापुरते आपले पुरुषत्व तिला देतो व तिचे स्त्रीत्व स्वतः घेतो. हिरण्यवर्मा खात्री करून घेण्यासाठी स्त्रिया पाठवितो. त्या शिखंडीची पारख करून तो पुरुष असल्याचा निर्वाळा देतात. इकडे कुबेर स्थूणाकर्णाला शाप देतो की, शिखंडी जिवंत असेपर्यंत तुला याच रूपात राहावे लागेल. उसना दिलेला देह असा आयुष्यभराचा होतो.

या कथेची एक विलक्षण गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ही कथा शिखंडी सांगत नाही; द्रुपदही सांगत नाही. ती भीष्म दुर्योधनाला सांगतो. शिखंडीवर आपण शस्त्र का उचलणार नाही याचे कारण म्हणून सांगतो. जो स्त्री आहे, पूर्वी स्त्री होता, स्त्रीचे नाव धारण करतो किंवा स्त्रीसारखा दिसतो, त्याच्यावर बाण सोडावयाचा नाही, असे आपले व्रत तो विशद करतो. वरवर पाहता हा औदार्याचा आविष्कार आहे. वस्तुतः शिखंडी आता जे आहे ते नाकारून, तो पूर्वी जे होता त्यातच त्याला कायमचे कोंडून ठेवणारे हे व्रत आहे. यक्षाने देह दिला, सासऱ्याच्या परीक्षकांनी निर्वाळा दिला, द्रोणांनी धनुर्विद्या शिकविली. तरीही भीष्माच्या लेखी शिखंडी स्त्रीच राहिला. पूर्वग्रह नेहमी शिवीगाळच करतो असे नाही. कित्येकदा तो व्रतस्थ असतो, सभ्य असतो आणि आपले कारण शांतपणे समजावून देतो.

मराठी बोलण्यातही शिखंडीला न्याय मिळालेला नाही. कोणाच्या आडून वार करावयाचा तर ‘शिखंडीला पुढे केले’ असे म्हणतात. दोन जन्म एका निश्चयावर उभा राहिलेला आणि युद्धानंतरच्या रात्री अश्वत्थाम्याच्या हातून मारला गेलेला हा योद्धा आपल्या भाषेत निव्वळ आडोसा होऊन बसला आहे. त्याची गोष्ट त्याच्या बाजूने सांगितली गेली नाही याचाच हा परिणाम होय.

गंमत अशी की, याच भीष्माच्या तोंडी व्यासांनी आणखी एक कथा घातली आहे. शरशय्येवर पडलेला भीष्म अनुशासनपर्वात युधिष्ठिराला भंगास्वन राजाची हकीकत सांगतो. सरोवरात स्नान करून स्त्री झालेल्या या राजाला पुरुष असताना झालेले पुत्र आहेत आणि स्त्री झाल्यावर झालेलेही आहेत. इंद्राच्या कपटाने ते सारे आपसांत लढून मरतात. प्रसन्न झालेला इंद्र विचारतो, कोणते पुत्र जिवंत करू? भंगास्वन स्त्रीदेहाने जन्मास घातलेले पुत्र मागतो आणि पुन्हा पुरुष होण्याची संधी नाकारून स्त्रीच राहणे पसंत करतो. शिखंडीला नाकारणारा भीष्म, त्याच शिखंडीला पुढे ठेवून झालेल्या बाणवर्षावाने कोसळल्यावर, स्वेच्छेने स्त्री राहिलेल्या राजाची कथा सांगतो. ही योजना जाणून केलेली असो वा नसो, कादंबरीकाराला तिच्यातून धडा घेता येईल. पूर्वग्रह बाळगणाऱ्या पात्रालाही कथेत बदलता आले पाहिजे.

वेशीच्या आतील परंपरा

कोणी म्हणेल, पुराणातील वांगी पुराणात. पण सोलापूरच्या वेशीच्या आतही हा विचार अनोळखी नाही. ज्या सिद्धरामेश्वरांच्या नावाने हे शहर ओळखले जाते, ते बाराव्या शतकातील शरण-परंपरेचे एक थोर वचनकार. या परंपरेत ‘शरण सती, लिंग पती’ ही भूमिका मूलभूत आहे. भक्त देहाने पुरुष असला तरी भक्तीत तो सती आहे आणि इष्टदेव त्याचा पती. बसवेश्वरांच्याही आधीचा, व्यवसायाने विणकर असलेला जेडर दासिमय्या याच्या एका प्रसिद्ध वचनाचा आशय असा की, लोक देहाच्या खुणांवरून स्त्री-पुरुष ठरवितात, पण आत वावरणारा जीव दोहोंपैकी कोणीच नसतो. मागावर बसून विणता विणता सुचलेला हा विचार भवानी पेठेतील विणकराला परका वाटण्याचे कारण नाही. मकरसंक्रांतीच्या वेळी सिद्धेश्वराच्या यात्रेत कुंभारकन्येचा विवाह प्रत्यक्ष वराशी नव्हे, तर सिद्धरामांच्या योगदंडाशी लागतो आणि सारे शहर त्या अक्षतांना हजर असते. नाते देहापलीकडचे असू शकते हे जे शहर दरवर्षी थाटामाटाने साजरे करते, त्याने देहापलीकडच्या ओळखीचे नाव काढताच बिचकून जाणे विसंगत आहे.

याच जिल्ह्यात पंढरपूर आहे. तेथे विटेवर उभा असलेला देव पुरुष. पण वारकरी त्याला ‘विठाई’ म्हणतो. ज्ञानेश्वर पुरुष, पण साऱ्या महाराष्ट्राची ते ‘माउली’. त्यांनी ज्या नेवाशास शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली, तेथील ग्रामदैवत मोहिनीराज आहे; ज्या विष्णूने मोहिनीचे रूप घेतले तोच हा देव. पुरुष संतांनी विरहिणी रचल्या, गौळणी रचल्या आणि स्त्रीच्या तोंडून स्त्रीच्या भाषेत देवाला हाक मारली. त्यावेळी कोणी त्यांना हसले नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. भक्तीत स्त्री होणे आणि संसारात, बाजारात, शाळेत स्त्री म्हणून वावरणे, यांत फार मोठे अंतर आहे. देवळात जे पूज्य ठरते तेच रस्त्यावर टवाळीचा विषय होते. रंगभूमीचाही हाच अनुभव. नारायण श्रीपाद राजहंस (१८८८-१९६७) हे बालगंधर्व या नावाने स्त्रीभूमिका करीत, तेव्हा त्यांच्या लुगड्याचे व अंबाड्याचे अनुकरण सुशिक्षित घरांतील स्त्रिया करीत असत. पडदा पडेपर्यंत समाज उदार असतो. परंपरेचा दाखला देऊन आजचा समाज सहिष्णु आहे असे जो लेखक सुचवील, तो वाचकाची दिशाभूल करील. परंपरेने शब्द दिले, प्रतिमा दिल्या. राहावयास घर दिले नाही. कादंबरी घडावयाची ती या दोहोंमधील अंतरात.

क्रियापदाचे लिंग

मराठीत अशी कथा लिहिणाऱ्यापुढे भाषेची एक स्वतंत्र अडचण उभी राहते. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२८ साली ‘ऑर्लॅंडो’ लिहिली; तिचा नायक तीन शतकांहून अधिक काळ जगतो आणि मध्येच स्त्री होतो. इंग्रजीत प्रथमपुरुषी वाक्याला लिंग नाही. ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ असा भेद तेथे करावाच लागत नाही. मराठीत मात्र तोंड उघडताच माणूस आपले लिंग जाहीर करतो. ‘मी आलो’ म्हणावे तर एक ओळख, ‘मी आले’ म्हणावे तर दुसरी. स्वतःविषयीच्या पहिल्या साध्या वाक्यातच कबुलीजबाब द्यावा लागतो.

भवानी पेठेतील लेखकाला ही गोष्ट इतरांपेक्षा लवकर उमगावी. त्याचा कानडी शेजारी ‘नानु होदे’ म्हणतो आणि त्याची बहीणही तेच म्हणते. तेलुगू विणकर व त्याची पत्नी दोघेही ‘नेनु वेळ्ळानु’ हेच म्हणतात. तिसऱ्या माणसाविषयी बोलताना या भाषांतही भेद येतो, पण ‘मी’ मात्र मोकळा राहतो. उर्दूत ‘मैं गया’ आणि ‘मैं गयी’ ही मराठीसारखीच फाळणी. एकाच गल्लीत एका भाषेत आपली ओळख झाकता येते आणि दुसरीत ती झाकता येत नाही, ही वस्तुस्थिती कादंबरीकाराला केवढे तरी नाट्य पुरवू शकेल. घरी तेलुगूत निर्धास्त बोलणारे मूल मराठी शाळेत गप्प का बसते, याचे उत्तर या एका क्रियापदात सापडू शकते.

मराठीतही वाटा नाहीत असे नाही. ‘मी जाईन’ या भविष्यकाळी रूपाला लिंग नाही. ‘मला वाटले’, ‘मला आठवते’ यांनाही नाही. ‘आम्ही गेलो’ स्त्रिया व पुरुष सारखेच म्हणतात. कोल्हापूरकडे तर मुली सर्रास ‘मी आलो’ म्हणतात आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. आपली कथा सांगणाऱ्या पात्राने दीर्घकाळ फक्त ‘मला वाटते’ आणि ‘मी जाईन’ एवढेच म्हणावे, आणि एखाद्या दिवशी त्याच्या तोंडून प्रथमच ‘मी आले’ असे निघावे. यक्ष, वर, सरोवर यांपैकी कशाचीही मदत न घेता त्या एका मात्रेत संपूर्ण स्थित्यंतर सामावू शकते. चमत्काराचे वर्णन करण्यात पाने खर्ची घालणाऱ्या लेखकाने भाषेचे हे सामर्थ्य ओळखणे अगत्याचे आहे.

सक्तीचे दोन चेहरे

आधुनिक मराठी साहित्याने या विषयाला स्पर्शच केला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. आनंद यादव यांची ‘नटरंग’ १९८० साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक गुणा कागलकर हा पैलवानी देहाचा, तमाशाचे वेड घेतलेला शेतमजूर. फडाला नाच्या मिळत नाही म्हणून तो स्वतः नाच्या होतो. बायकी हावभाव अंगी बाणविण्यासाठी त्याला कमावलेला देह मोडावा लागतो आणि कलेसाठी केलेल्या या त्यागाबद्दल गाव, घर व जग त्याची मर्दानगीच वादात काढतात. राजन गवस यांनी ‘चौंडकं’ (१९८५) व ‘भंडारभोग’ (१९८८) या कादंबऱ्यांतून यल्लम्मेला वाहिलेल्या जोगतिणींचे व जोगत्यांचे जग मराठी वाचकांपुढे ठेवले. त्यांच्या या लेखनाचा आधार घेऊन निघालेला ‘जोगवा’ हा चित्रपट २००९ साली आला. २०१२ साली लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन मराठीतून प्रकाशित झाले आणि ज्यांच्याविषयी आजवर इतरच बोलत आले होते त्यांच्यापैकी एकीचा स्वतःचा आवाज ऐकू आला.

या पुस्तकांची नावे एका दमात घेतली जातात, आणि तेथेच घोटाळा होतो. गुणा कलेसाठी स्त्रीवेश घेतो; पडद्याबाहेर तो स्वतःला पुरुषच मानतो. जोगत्याला देवीच्या नावाने साडी नेसविली जाते. पुष्कळदा त्याच्या इच्छेचा प्रश्नच कोणी विचारीत नाही. लक्ष्मी यांच्या बाबतीत मात्र साडी हीच इच्छा आहे आणि जगाचा आग्रह ती न नेसण्याचा आहे. पहिल्याची शोकांतिका टवाळीची, दुसऱ्याची लादण्याची, तिसरीची अडविण्याची. देवीच्या नावाने ज्याला जबरदस्तीने जोगता केले त्याची सुटका साडी उतरविण्यात आहे. जिला आपण स्त्री आहोत याची लहानपणापासून खात्री आहे तिची सुटका साडी नेसू देण्यात आहे. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. यल्लम्मेच्या आश्रयाला स्वखुशीने गेलेलेही आहेत, कारण दुसरीकडे कोठे त्यांना थारा नव्हता. म्हणूनच पोशाखावरून निष्कर्ष काढणारी कादंबरी फसते, ‘कोणाच्या इच्छेने?’ हा प्रश्न विचारणारी कादंबरी उभी राहते.

राजस्थानी कथाकार विजयदान देथा यांनी आपल्या ‘दोहरी जिंदगी’ या कथेत हाच प्रश्न आणखी पुढे नेला आहे. दोन मित्र जन्मापूर्वीच आपल्या मुलांचे लग्न ठरवितात. दोघांनाही मुली होतात. एकजण आपल्या मुलीला मुलगा म्हणून वाढवितो आणि दोघींचे लग्न लागते. गावाने छळल्यावर भुतांच्या आश्रयाला गेलेल्या या जोडप्यापैकी एक भुतांच्या कृपेने पुरुष होते, आणि पुरुष होताच तिच्या वागण्यात हुकमत, संशय व दर्प उतरतो. अखेर तिला स्त्रीदेहच बरा वाटतो. देह बदलणे सोपे, पण देहाबरोबर समाजाने बहाल केलेली सत्ता पचविणे कठीण, हे या लोककथेच्या वाणाच्या कथेने जितक्या नेमकेपणाने सांगितले तितके मोठमोठ्या प्रबंधांनाही साधलेले नाही.

पूर्वजन्म: आधार की पळवाट?

आता पुनर्जन्माचा विचार. सतराव्या शतकातील संत बहिणाबाई (१६२८-१७००) यांनी आपले आत्मचरित्र अभंगांतून सांगितले. तुकारामांना गुरू मानल्याबद्दल कर्मठ पतीचा मार त्यांनी सोसला. स्त्रीदेहामुळे वेदांचे दार आपल्याला बंद आहे ही खंत त्यांच्या अभंगांत पुन्हा पुन्हा येते. अंतकाळी त्यांनी आपल्या मुलाला आपले पूर्वीचे बारा जन्म कथन केले. चालू असलेला जन्म तेरावा. मराठीत ‘मी कोण?’ या प्रश्नाचे उत्तर अनेक जन्मांच्या साखळीत शोधणारी ही एक आद्य लेखिका होय. अशा कादंबरीचा मुहूर्त मराठीत सव्वातीनशे वर्षांपूर्वीच झालेला आहे.

तथापि पुनर्जन्म हे दुधारी शस्त्र आहे. ‘गेल्या जन्मीचे पाप’ हे तीन शब्द या देशात कित्येक अन्यायांवर पांघरूण घालण्यास पुरेसे ठरले आहेत. अस्पृश्यता, वैधव्य, अपंगत्व या साऱ्यांचे खापर पूर्वजन्मावर फोडण्यात आले. भिन्न लिंगभाव घेऊन जन्मलेल्या मुलाच्या आईलाही हेच ऐकविले जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात आत्म्याच्या देहांतराची कल्पना नाकारली, त्यामागे हीच जाणीव होती. सोलापुरात असे असंख्य वाचक आहेत की ज्यांना पुनर्जन्माची कथा म्हणजे कर्मविपाकाचा छुपा प्रचार वाटेल. त्यांचा संशय निराधार नाही.

म्हणून लेखकाने पुनर्जन्म स्मृतीसाठी वापरावा, शिक्षेसाठी वापरू नये. अंबेला मिळालेल्या वरातील सर्वांत मोलाचा भाग पुरुषत्वाचा नाही. ‘सारे आठवेल’ या आश्वासनाचा आहे. ज्याला दोन्ही देहांची आठवण आहे असे पात्र स्त्री म्हणून नाकारले जाणे काय असते हेही जाणते आणि पुरुष म्हणून ऐकले जाणे काय असते हेही जाणते. असा साक्षीदार वास्तववादी कादंबरीला सहसा सापडत नाही. कर्मफळाचा हिशेब मांडण्यासाठी पुनर्जन्म आणला तर ते कीर्तन होईल. साक्ष काढण्यासाठी आणला तर ते साहित्य होईल.

पारख कोणाची?

हिरण्यवर्म्याने शिखंडीची पारख करण्यासाठी स्त्रिया पाठविल्या होत्या. पारख करण्याची ही हौस अद्याप फिटलेली नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली जो गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्याच्या दुसऱ्या भागात उत्तर भारतातील हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. नोंदलेल्या व्यक्तीने सार्वजनिक जागी स्त्रीवेशात वावरणे किंवा पैशासाठी नाचणे हा कैदेस पात्र असा अपराध ठरविला गेला. या कायद्याच्या कुळातील पुढच्या तरतुदींचा परिणाम सोलापूरने स्वतः पाहिला आहे. तारेच्या कुंपणात कोंडलेल्या जमातींची वसाहत येथे होती आणि ‘सेटलमेंट’ हा शब्द सोलापूरकरांच्या बोलण्यात आजही त्या कुंपणाची आठवण घेऊन येतो. जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरविणारा तो शिक्का १९५२ साली पुसला गेला. शिक्का मारण्याची वृत्ती त्याबरोबर गेली असे कोणी म्हणणार नाही.

२०११ च्या जनगणनेत स्त्री व पुरुष यांच्याखेरीज ‘इतर’ असे नोंदले गेलेले लोक देशात सुमारे ४ लाख ८८ हजार, तर महाराष्ट्रात सुमारे ४१ हजार होते. ‘इतर’ या एका शब्दात किती कादंबऱ्या दडलेल्या आहेत याची कल्पना करावी. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, आपला लिंगभाव स्वतः ठरविण्याचा अधिकार प्रत्येक व्यक्तीला आहे व त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही, असा निर्णय दिला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. २०१९ साली तृतीयपंथीयांच्या हक्कसंरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला. पण न्यायालयाचा निर्णय घरमालकाला घर भाड्याने देण्याची बुद्धी देऊ शकत नाही, मागवाल्याला कामावर ठेवण्याची सक्ती करू शकत नाही, की मित्रांच्या कोंडाळ्यातील तो विशिष्ट टाळीचा आवाज थांबवू शकत नाही. कायदा दार उघडतो. आत बसलेल्या माणसाला सरकून जागा करून देण्यास तो शिकवीत नाही. ते काम, थोडेफार का होईना, कथेचे आहे.

म्हणून भवानी पेठेतील त्या काल्पनिक लेखकाने आपल्या नायकाची पारख करण्यात शक्ती वेचू नये. देह कसा बदलला, कोणत्या शस्त्राने बदलला, आता नेमके काय आहे, हे हिरण्यवर्म्याचे प्रश्न आहेत. कथेने पारख करावयाची ती पाहणाऱ्यांची. आईने हाक कोणत्या नावाने मारली? बापाने शेजाऱ्याला काय सांगितले? तुळजापूरच्या वाटेवर ज्यांनी एका ताटलीत प्रसाद खाल्ला, त्यांनी परतल्यावर ओळख दाखविली की नाही? अशा प्रश्नांची उत्तरे लेखकाला आपल्या गल्लीत मिळतील, आणि त्या उत्तरांत वाचकाला स्वतःचा चेहरा दिसेल. हसणारा वाचक तेथे हसावयाचा थांबतो.

भीष्म वाईट माणूस नव्हता. तो ज्ञानी होता, वचनाचा पक्का होता आणि शिखंडीची संपूर्ण कथा त्याला ठाऊक होती. ठाऊक असूनही त्याने त्याच्याकडे तोंड फिरविले. माहिती असणे आणि मान्य करणे यांतील हे अंतर आजच्या सुशिक्षित मराठी समाजाचेही आहे. ते कमी करावयाचे असेल तर शिखंडीची गोष्ट एकदा तरी शिखंडीच्या तोंडून ऐकावी लागेल. त्याने ती ‘मी आलो’ म्हणून सांगावी की ‘मी आले’ म्हणून, हे ठरविण्याचा अधिकार मात्र ऐकणाऱ्याचा नाही.